दोन मिनिटांचा खून

इंग्लंडमध्ये हिवाळा सरत आला की सोळा-सतरा वर्षांची मुलं एकमेकांना खुर्चीला बांधू लागतात. गावाबाहेरच्या झाडीत हुडी घातलेली एक आकृती कुणाच्या तरी मागे धावते, तिच्या मागे कॅमेरा घेऊन एक पोरगा धावतो आणि त्याच्या मागे "अरे, बॅटरी संपलीय!" असं ओरडत चौथी धावते. कुत्रं फिरवायला आलेले म्हातारे शांतपणे 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे जातात. हा गुन्हा नसून गृहपाठ आहे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झालेलं असतं.

गृहपाठ ए-लेव्हलच्या मीडिया स्टडीजचा. ओसीआर या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम 2017 साली बदलला; त्याआधी पहिल्या वर्षाच्या मुलांना एका नव्या, म्हणजे कधीच न निघणाऱ्या चित्रपटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करावी लागे. फार तर दोन मिनिटांची. गुण 100. पैकी तयारीला 20, प्रत्यक्ष फिल्मला 60 आणि आपण हे काय करून बसलो याच्या मूल्यमापनाला 20. चित्रपट कुठल्याही प्रकारचा चाले. पण प्रेमकथा करायची तर वर्गातल्या कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि विनोदी करायचं तर विनोद सुचावा लागतो. थ्रिलरला नुसते दिवे घालवले तरी भागतं. त्यामुळे जो तो थ्रिलरच करत असे.

दोन मिनिटं म्हणजे 120 सेकंद. त्यातली पहिली दहा एका काल्पनिक वितरण कंपनीच्या बोधचिन्हात जातात आणि पुढची दहा काल्पनिक निर्मितिसंस्थेच्या. बोधचिन्हात घुबड, कावळा किंवा फुटणारी काच. मग 1995 च्या 'सेव्हन'साठी काइल कूपरने केलेल्या श्रेयनामावलीची उसनवारी सुरू होते: थरथरणारी ओरखडलेली अक्षरं, आणि त्यात भर म्हणून वर्तमानपत्रांची कात्रणं, चेहऱ्यावर फुली मारलेले फोटो, भिंतीवर ताणलेला लाल दोरा. नावं मात्र सगळीकडे तीच चार. दिग्दर्शक, संकलक, वेशभूषाकार, संगीतकार, प्रमुख भूमिका, सहभूमिका, सगळं त्या चौघांत. गल्लीतल्या गणपतीच्या पावतीपुस्तकावर एकाच वाड्यातले सहा पदाधिकारी असतात, त्यातला प्रकार. श्रेयनामावली संपते तेव्हा खुनाला जेमतेम एक मिनिट उरलेलं असतं. ऑर्सन वेल्सने 1958 साली 'टच ऑफ ईव्हिल'च्या सुरुवातीला गाडीत बॉम्ब ठेवून एक अखंड शॉट घेतला, तो तीन मिनिटांहून मोठा आहे. आमच्या मुलांचा अख्खा चित्रपट त्यात आरामात बसतो आणि वर चहाला वेळ उरतो.

आमच्या कन्येनेही हा विषय घेतला. तीन विषय आमच्या पसंतीचे, चौथा तिच्या, असा तह झाला होता. विषय सोपा असेल अशी आमची समजूत होती. पण पहिल्याच महिन्यात घरात रोलाँ बार्थ, तोदोरॉव्ह, प्रॉप अशी सिद्धांतकार माणसं जेवायच्या वेळी येऊ लागली. त्याच सुमारास व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आमची आईही पुण्याहून आली होती. आईने पुण्याहून विळी आणली होती. ही माहिती आत्ता नुसती लक्षात ठेवा.

मुख्य खुनाच्या आधी मुलांना एक सराव करावा लागे. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोरच्या खुर्चीत बसतो आणि दोघं एखाद-दोन वाक्यं बोलतात. एवढंच. यातून दोन शॉट हालचालीवर बेमालूम जोडणं, बोलणाऱ्यांचे चेहरे आळीपाळीने दाखवणं आणि 180 अंशांचा नियम या तीन गोष्टी यायला हव्यात. दोन पात्रांमध्ये एक अदृश्य रेघ असते, कॅमेऱ्याने ती ओलांडायची नाही, असा तो नियम. इंग्रजांच्या घरात हे ठीक आहे. मराठी घरात दार उघडून कुणी थेट खोली ओलांडत नाही. बाहेरच्या शॉटमध्ये कन्येच्या गटातल्या एका उंच मुलाच्या पायात चांगले जाड बूट होते. दार उघडलं, आत कॅमेरा तयार, आणि आईने हात आडवा केला. "बूट तिथेच." बाहेरच्या शॉटमध्ये बूट, आतल्या शॉटमध्ये मोजे. अदृश्य रेघ कॅमेऱ्याने पाळली, पण उंबरठ्याची रेघ कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती. नियम एकदा लागू झाला तो झाला. पुढे मुख्य फिल्ममध्येही आमचा खुनी काळा मुखवटा, काळे हातमोजे आणि नाताळचे हरणांचे मोजे अशाच वेशात वावरला.

आता सिद्धांतांकडे वळतो. सिद्धांत येतो म्हणून तर मुलांना गुण मिळतात.

बळी कोण, या प्रश्नावर कन्येच्या गटातल्या चौघांची लांब बैठक झाली. पहिला विचार अर्थातच मुलगी. धावणारी, मागे वळून पाहणारी, मुळावर पाय अडखळून पडणारी. पण कन्या नुकतीच लॉरा मल्व्ही वाचून आली होती. मल्व्हीबाईंनी 1975 साली 'स्क्रीन' या नियतकालिकात लिहिलं की मुख्य धारेतल्या सिनेमाचा कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेने पाहतो. ती पाहण्याची वस्तू होते आणि पाहणारा तो. तेव्हा घाबरणारी मुलगी बाद. घाबरणारा मुलगाही चालेना, कारण दोन्ही मुलांना खुनीच व्हायचं होतं. मग चौघांची नजर सोफ्यावर गेली. तिथे मी पेपर वाचत होतो. अशा रीतीने स्त्रीवादी चित्रपट-समीक्षेच्या आधारावर माझा खून करायचं ठरलं. माझ्याकडे कुणी कुठल्याही नजरेने पाहत नाही, हा मुद्दा कन्येने मूल्यमापनात वेगळ्या शब्दांत मांडला.

मी मन लावून मेलो. पण एडिटिंगला बसल्यावर लक्षात आलं, की मेल्यावर माझं पोट हलतं. श्वास धरून पाहिला, तर चेहरा मेलेल्या माणसाचा न वाटता रागावलेल्या माणसाचा वाटायला लागला. रक्ताचीही पंचाईत होती. 'सायको'मधलं न्हाणीघराचं दृश्य पडद्यावर पाऊण मिनिटाच्या आसपास चालतं, त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले होते, आणि त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. आमच्याकडे रंगीत फोन-कॅमेरा. गोल्डन सिरपमध्ये लाल रंग कालवून रक्त केलं, ते माझ्या सदऱ्यावर कमी आणि गालिच्यावर जास्त सांडलं, आणि मग जे दृश्य घडलं त्यात कन्येच्या आईचा अभिनय अस्सल होता. पण तेव्हा कॅमेरा बंद होता. अखेरीस खून दाखवायचाच नाही असं ठरलं. हात उगारला जातो आणि शीर्षक येतं. पोट हलण्याच्या या अडचणीला दुसऱ्या दिवशी मुलांच्या वहीत 'एनिग्मा कोड' असं नाव मिळालं. रोलाँ बार्थने 1970 सालच्या 'एस/झेड'मध्ये कथेचे पाच संकेत सांगितले, त्यातला एक कोड्याचा: वाचकापासून काही दडवून ठेवायचं, म्हणजे तो पुढे ओढला जातो. बार्थने हे बाल्झाकची एक आख्खी गोष्ट तुकड्या-तुकड्याने सोलून सिद्ध केलं. आम्ही पोटावरून तिथेच पोचलो.

आता विळी. शाळेच्या आवारात सुरी न्यायची नाही आणि रस्त्यावर सुरी घेऊन चित्रीकरण केलं तर पोलीस येणार. या देशात अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानदार सुरी विकूही शकत नाही. म्हणून हत्यार शोधायला मंडळी आमच्या स्वयंपाकघरात आली, आणि त्या उंच मुलाला ओट्याखाली ती दिसली. "हे काय आहे?" आईला इंग्रजी बेताचं, म्हणून तिने करूनच दाखवलं. पाट ओढला, विळी उभी केली, पायाने दाबली, आणि कोबीचा गड्डा हातात धरून पात्यावर असा काही चालवला की तीन इंग्रज मुलं भिंतीला टेकली. हत्याराकडे हात नेत नाहीत, बळीलाच हत्याराकडे नेतात, ही कल्पना त्यांना सर्वस्वी नवी होती. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जी भीती उमटली, ती पुढे आमच्या फिल्ममध्ये एकदाही आली नाही. शाळेला चित्रीकरणापूर्वी धोक्यांचा एक तक्ता भरून द्यावा लागतो. त्यात 'धोका' या रकान्यात विळी आणि 'खबरदारी' या रकान्यात 'फक्त आजी हात लावेल' असं लिहिलं गेलं. मूल्यमापनाचा पहिलाच प्रश्न असा असे, की तुमच्या फिल्मने प्रचलित संकेत कसे वापरले, पुढे नेले किंवा मोडले. संकेत मोडल्याचा पुरावा म्हणून जमिनीच्या पातळीवरून विळीचा एक क्लोजअप घेतला गेला. पुढे विळी, मागून धूसर होत सरकणारे हरणांचे मोजे.

पार्श्वसंगीतात दुसऱ्याचं, मालकी हक्क असलेलं काही वापरायला बंदी. 'सायको'ला बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यांवर संगीत दिलं होतं. आमच्या चौघांनी मिक्सरमध्ये दाण्याची चटणी वाटतानाचा आवाज घेतला आणि तो चौपट संथ केला. खरं सांगायचं तर सगळ्या फिल्ममध्ये तोच एक अंगावर काटा आणणारा प्रकार होता. चटणीही बरी झाली होती.

एवढं झाल्यावर प्रेक्षक शोधायचे. वहीत प्रेक्षकाचं चित्र आधीच काढलेलं होतं: वय 15 ते 25, शहरी, स्मार्टफोन बाळगणारा, आठवड्यातून एकदा थिएटरला जाणारा. ब्रिटिश सेन्सॉर मंडळाचं 15 वर्षांवरील प्रमाणपत्र त्याच्यासाठी मनातल्या मनात घेऊनही झालं होतं. प्रत्यक्षात एका रविवारी आमच्या दिवाणखान्यात जमले ते मराठी मंडळातले सात-आठ काका-काकू, आमची आई आणि उपमा.

प्रेक्षकांविषयीच्या सिद्धांतांचा मुलांनी पाठ केलेला क्रम साधारण असा. सगळ्यात जुना समज सुईचा: माध्यम इंजेक्शन देतं, प्रेक्षक मुकाट घेतो. मग ब्लम्लर आणि कॅट्झ आले. त्यांनी उलटं विचारलं, की प्रेक्षक माध्यमाचं काय करतो? करमणूक, गप्पांना विषय, स्वतःची ओळख पटवणं आणि जगाची खबर, अशा गरजा तो भागवून घेतो. आणि 1973 मध्ये बर्मिंगहॅमला स्टुअर्ट हॉलने मांडलं, की एकच मजकूर लोक तीन तऱ्हांनी वाचतात: करणाऱ्याला हवा तसा, थोडी घासाघीस करून, किंवा पार उलटा. हॉलची विभागणी मला पटते, पण ती मला अपुरी वाटते, आणि त्याला कारण राजशेखर. साधारण इसवी सन 900 च्या सुमाराचा, आपल्या घराण्याचं नातं महाराष्ट्राशी सांगणारा हा कवी. त्याच्या 'काव्यमीमांसे'त रसिकांचे चार प्रकार आहेत: अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही, सतृणाभ्यवहारी, म्हणजे जो गवतासकट सगळं गिळतो, मत्सरी, म्हणजे ज्याला गुण दिसतात पण तोंडातून निघत नाहीत, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो हजारात एखादा. त्या रविवारी चारही हजर होते. एक काका दिवा घालवल्यापासून "काही दिसत नाही हो" म्हणत होते. ज्याला कन्या लो-की लायटिंग म्हणते त्याला ते बल्ब गेला म्हणतात. एक काकू श्रेयनामावलीपासूनच "किती छान, किती छान" करत होत्या; त्यात घुबडही आलं. ज्यांच्या मुलाने याच अभ्यासक्रमात फिल्मऐवजी संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ केलं होतं त्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे निदान छापील तरी आहे." आणि तत्त्वाभिनिवेशी म्हणजे आमची आई. तिचा प्रश्न होता, "तो माणूस पेपर वाचताना चश्मा का लावत नाही? एरवी तर शोधत असतो." उत्तर कुणाकडेच नव्हतं.

या सगळ्या मोठ्या माणसांच्या नजरेतून एक प्रेक्षक सुटला आहे, असं माझं मत आहे, आणि तो म्हणजे नातेवाईक. विद्यार्थ्यांची फिल्म परीक्षक सोडले तर फक्त नातेवाईकच पाहतात. त्यांना घाबरवता येत नाही, कारण त्यांना सोफा ओळखीचा असतो. मुखवट्यामागचा मुलगा कुणाचा, त्याला गणितात किती मिळाले, पडद्यांचं कापड कुठून आणलं, यांतलं सगळं त्यांना ठाऊक असतं किंवा विचारायचं असतं. ब्लम्लर-कॅट्झच्या भाषेत ओळख पटवण्याची गरज शंभर टक्के भागते आणि थरार राहून जातो. विळीचा क्लोजअप आला. इंग्रज प्रेक्षकाला इथे 'हे काय आहे?' असं कोडं पडावं, असा बार्थच्या साक्षीने केलेला हिशेब होता. आमच्या दिवाणखान्यात एका सुरात आलं, "विळी आडवी करा! कुणाच्या पायाला लागेल."

आणि तरीही थरार घडला, तो असा.

हिचकॉकने 1962 साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नाही आणि तो फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिला आहे, घड्याळ दिसतं आहे आणि टेबलाशी बसलेली माणसं फालतू गप्पा मारत आहेत, तर तीच पंधरा मिनिटं उत्कंठेची. प्रेक्षकाला माहीत हवं, पात्राला नको. मुलांनी हे वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं. त्याला अनुसरून शेवटचा शॉट अखंड, तब्बल पंचवीस सेकंदांचा होता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठमोरा बसून पेपर वाचतो आहे, दारातून खुनी एकेक पाऊल टाकत येतो आहे. पात्राला माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे. चोख.

फक्त फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात गॅसवर दूध होतं.

इथलं दूध पाश्चराइज्ड असतं, तापवावं लागत नाही, हे आईला अनेकदा सांगून झालं होतं. ती तापवतेच. चित्रीकरणासाठी विरजण थांबवायला तिने नकार दिला होता. मुलांच्या दृष्टीने ते मागचं एक पातेलं होतं, घर खरं वाटावं म्हणून बरंच. त्यांच्या घरी दूध फ्रीजमधून चहात जातं, त्यामुळे दूध वर येतं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

शॉट सुरू झाला. पाचव्या सेकंदाला काकूंपैकी एकीने बशी खाली ठेवली. दहाव्याला साय थरथरली आणि खोली गप्प झाली. खुनी दारात आला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. पंधराव्या सेकंदाला कडेने फेस उचलला. "अगं... अगं अगं अगं..." एक काकू सोफ्याच्या कडेवर आल्या. अरोचकी काकांना अचानक सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मी पडद्यावर निवांत पान उलटलं, त्यावर आई चक्क ओरडली, "अरे, बघ ना मागे!" कन्या कोपऱ्यात उभी राहून भराभरा टिपून घेत होती: प्रेक्षक गुंतले, श्वास रोखले, पात्राला सावध करू पाहत आहेत. चोविसाव्या सेकंदाला फेस काठावर आला, खुन्याने हात उगारला आणि तीन जणींनी एकदम किंकाळी फोडली, "गॅस!"

कट. काळा पडदा. शीर्षक.

शीर्षक काय होतं ते कुणीही वाचलं नाही. दूध गेलं की राहिलं, यावर जो गदारोळ झाला तो दिवा लावल्यावरही चालू होता. हिचकॉकने याहून मोठं यश मागितलं नसतं असं मी कन्येला सांगितलं, पण ती रुसली होती. पुढे राग ओसरल्यावर मूल्यमापनात तिने लिहिलं, की विशिष्ट सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या प्रेक्षकांनी या दृश्याचं पार उलटं वाचन केलं. लिहिणं बिनचूक होतं आणि त्याला गुणही चांगले पडले. मला मात्र वाटतं की वाचन सरळच होतं. बॉम्ब कुठे आहे हे करणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

या प्रकारात एक क्रूरपणा आहे तो इंग्रज पालकांनाही जाणवत असणार. फक्त सुरुवात. इंग्लंडभरच्या शाळांमधून वर्षानुवर्षं किती मुली खुर्चीला बांधल्या गेल्या, किती जण झाडीत धावले, किती दारांच्या कड्या बाहेरून हलल्या, आणि पुढचं कुणी केलंच नाही. व्लादिमीर प्रॉपने 1928 साली रशियन परीकथा चाळून कथेची 31 कार्यं आणि सात भूमिका नोंदवल्या. या फिल्मांमध्ये त्यांतला फक्त खलनायक हजर होतो. नायक निघायच्या आत वेळ संपते. आमच्या आईला हे पटणं शक्यच नव्हतं. ती राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'वर पोसलेली. ज्यावरून पुढे हिंदीत 'मेरा साया' निघाला, त्या रहस्यपटात कोडं घातलं तर उत्तर देऊनच घरी पाठवतात. पुण्याला परत गेल्यावरही ती फोनवर विचारायची, "मग त्याचं पुढे काय झालं?" 'त्याचं' म्हणजे माझं. मी तिच्याशीच बोलत असलो तरी.

मूल्यमापनात आणखी एक प्रश्न असे: तुमच्या फिल्मचं वितरण कोणत्या प्रकारची संस्था करेल आणि का? कन्येने एका छोट्या स्वतंत्र ब्रिटिश कंपनीच्या बाजूने दीड पान युक्तिवाद केला होता. प्रत्यक्षात विचारणा एकाच ठिकाणाहून आली. मराठी मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीसांचा फोन होता. दिवाळीच्या कार्यक्रमात लहान मुलांचं नृत्य आणि बक्षीससमारंभ यांच्या मध्ये दोन मिनिटं मोकळी आहेत, फिल्म दाखवायला हरकत नाही. मात्र दिवाळीच्या दिवशी खून बरा दिसत नाही, तर तेवढा काढता येईल का? बाकी ते दुधाचं फार छान आहे, ते राहू दे. आणि सुरुवातीला घुबडाच्या जागी गणपती घाला.

कन्येने विचार करून सांगते म्हणून सांगितलं. गणपती कुठल्या कोनातून घ्यायचा, यावर त्या चौघांची बैठक अजून व्हायची आहे.